फक्त वनस्पती

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या ह्यांचं वजन किती आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. साठच्या दशकातल्या त्या दिवसांत आमच्या खानदेशात कापसाचं वजन करत, शेंगांचं करत. माणसाचं कोण कशाला करेल? माझे वडील धुळ्याजवळच्या एका खेड्यात शेती करायचे. ते अमळनेरला जाऊन मुलगा बघून आले आणि ओट्यावर टेकता टेकता आईला म्हणाले, "एस.टी.त ड्रायव्हर आहे. खात्यापित्या घरचा आहे. दारातून आडवा येतो." आईला ते फार आवडलं. ती लगेच उठून शेजारी सांगायला गेली.

लग्नानंतर मला पहिली अडचण आली ती बटणाची. ह्यांच्या खाकी शर्टाचं बरोबर पोटावरचं बटण रोज तुटायचं. आधी मला वाटलं, दोरा कच्चा आहे. मी पक्का दोरा आणला. मग चांभाराकडून चपला शिवायचा दोरा आणला. त्यानंतर बटण तुटायचं थांबलं आणि त्याच्याभोवतीचा शर्ट फाटायला लागला.

पहिल्यांदा माहेरी निघाले ती ह्यांच्याच गाडीने. मला पुढचं बाक दिलं होतं. तिथून मला सगळा प्रकार दिसला. गाडीचं चाक, म्हणजे हातातलं, ह्यांच्या पोटाला टेकलेलं होतं. वळण आलं की ते चाक पोटावर घासत फिरायचं आणि बटण त्यात सापडायचं. नाल्याजवळच्या मोठ्या वळणावर तर चाक फिरायला जागाच उरत नसे. मग हे दीर्घ श्वास घेत, पोट आत ओढत, तसंच धरून वळण काढत, आणि गाडी सरळ झाली की मोठ्याने 'हुश्श' करत. त्यांच्याबरोबर मागच्या बाकांवरूनही 'हुश्श' ऐकू आलं. रोजचे उतारू त्या वळणावर श्वास धरून बसत, हे मला तेव्हा कळलं.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणू लागले. अक्का अंगाने लेकाला शोभतील अशाच होत्या. गुडघे इतके दुखत की घरातल्या घरात भिंतीला हात लावत चालायच्या. एस.टी.त चढताना वरून दोघं ओढत आणि खालून एक जण ढकलत असे. पण त्यांच्या हाताला चव होती. काळ्या मसाल्याचं मटण त्या करत तेव्हा गल्लीतली कुत्री आधीच दाराशी येऊन बसत. मटण आठवड्यातून दोनदा. सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध, तांब्याने. भाकरीवर लोणी, वरणावर तूप. शिवाय रस्त्यावरच्या गावांत ह्यांचा मान मोठा. गाडी थांबली की कुणी दुधाचा पेला आणून देई, कुणी उकडलेली अंडी. हे कुणाचंही मन मोडत नसत.

मग ड्रायव्हर लोकांची तब्येत तपासायची वेळ आली आणि ह्यांना धुळ्याला एका डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. हे संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडूनच. टोपी खुंटीला न लावता हातातच धरून बसले.

अक्का घाबरल्या. "काय व्हयनं रे? डाक्टर काय म्हनस?"

"सत्त्याण्णव किलो भरलो," हे म्हणाले. "रक्तदाब चढलाय. डॉक्टर म्हणतात, पोट आणि चाक यांच्यामध्ये माझा हात गेला पाहिजे. तीन महिने देतो. नाही गेला, तर गाडी चालवायला लायक म्हणून सही करणार नाही."

"मंग औषध दिधं का?"

"औषध नाही. जेवण बदलायला सांगितलंय. मटण बंद. मासे बंद, अंडी बंद. दूध, दही, लोणी, तूप तेही बंद. जनावराच्या अंगातून येतं ते सगळंच बंद."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "बठ्ठं बंद? मंग खावानं काय?"

ह्यांनी डॉक्टरांचे शब्द आठवून जसेच्या तसे सांगितले. "फक्त वनस्पती."

अमळनेरात तेलाचे कारखाने. आमच्या गावात वनस्पती म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांसमोर यायची. पिवळ्या डब्यातलं ते पांढरं, रवाळ, तुपासारखं दिसणारं पण तूप नसलेलं. अक्कांचं आणि त्या डब्याचं जुनं वैर होतं. एका लग्नात जिलेबी वनस्पतीत तळलीय असं कळल्यावर त्या पानावरून उठून आल्या होत्या, आणि ती हकिगत त्या पाहुण्यांना दर वेळी नव्याने सांगत.

"मी जिती असताना या घरात तो डबा येणार?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा वेळ पदराने डोळे पुसले, मग आईची माया जिंकली. "पोऱ्यानी तब्बेत शे ती. आण. मोठा आण."

मी सातवीपर्यंत शिकले होते. मी हळूच म्हणाले, "अहो, शाळेत आम्हाला वनस्पती म्हणजे झाडंझुडपं असं शिकवलं होतं."

ह्यांनी विचार केला. "झाडाचंही चालेल ना मग. डॉक्टर मोठे आहेत, त्यांनी दोन्ही सांगितलं असणार."

असं आमचं ठरलं. डबाही आणायचा आणि झाडाचंही खायचं. दुसऱ्या दिवसापासून अक्का पाटावर न्यायाधीशासारख्या बसू लागल्या. काय चालेल आणि काय नाही, ते तिथे ठरे.

"शेव कशाची?"

"हरभऱ्याची, अक्का."

"हरभरा कशाले लागस?"

"झाडाला."

"कर मग शेवभाजी."

शेवभाजी झाली. वर तेलाचा लाल तवंग बोटभर. तेल शेंगांचं, शेंगा जमिनीतल्या, म्हणजे तेलही पास. भजी पास, कारण बेसन, कांदा आणि तेल, तिन्ही झाडाचीच. साखर पास, उसाची म्हणून. गूळ तर उसाचा सख्खा भाऊ. वरण-बट्टी झाली. बट्ट्या एरवी तुपात बुडवत, आता डब्यातल्या वनस्पतीत बुडवल्या, आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलंय म्हणून नेहमीपेक्षा जरा जास्तच बुडवल्या. शिरा झाला. पुऱ्या झाल्या. जळगावकडून येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर ह्यांच्यासाठी केळ्यांच्या फण्या आणून देऊ लागले. हे गाडी चालवता चालवता केळी खात आणि म्हणत, "औषध आहे."

मधावरून मात्र अडलं. मी म्हणाले, मध फुलातला असतो. हे म्हणाले, पण माशीच्या तोंडून येतो. अक्कांनी निकाल दिला, "डाक्टरनी मासे बंद सांगितले ना? मंग माशी बी बंद." मध फळीवर गेला.

थंडीत शेतांवर भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या. काट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वर कढवलेलं तेल. ह्यांना दर दोन दिवसांनी कुठल्या ना कुठल्या मळ्यातून बोलावणं यायचं. पूर्वी हे कधीतरी आढेवेढे घेत. आता म्हणत, "मला जावंच लागेल. तब्येतीचा प्रश्न आहे."

मटण बंद झाल्याची बातमी शेजारी पोहोचली. शेजारी राजस्थानकडून आलेलं जैन कुटुंब होतं, कापडाचं दुकान होतं त्यांचं. शेठाणी स्वभावाने गोड, पण आमच्या मटणामुळे त्यांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशी त्या थेट स्वयंपाकघरापर्यंत आल्या. हातात ताट, ताटात चुरम्याचे लाडू, तुपाने चमचमणारे.

"अक्का, बहुत अच्छा केलं तुम्ही! आता तुम्ही आमच्यातल्याच झाल्या."

अक्का लाडवांकडे बघत राहिल्या. तूप बंद, हे शेठाणींना कोण सांगणार? शेठाणी पुढे म्हणाल्या, "आता कांदा-लसूण कधी सोडणार?"

"पुढल्या जन्मी," अक्का म्हणाल्या.

लाडू मी खाल्ले. मला डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं.

महिना झाला. बटण आता दिवसातून दोनदा तुटू लागलं होतं. नाल्याच्या वळणावर ह्यांनी श्वास घेतला की तो सुटेपर्यंत मागे बायका देवाचं नाव घेत. ह्यांना वाटत होतं, शर्ट आटलाय. शेवटी एके दिवशी हे जिनिंगमध्ये गेले. तिथला मापाडी ओळखीचा, आगारातल्या लोकांसारखाच ह्यांना नाना म्हणणारा. त्याने ह्यांना कापूस जोखायच्या मोठ्या काट्यावर बसवलं. घरी आल्यावर ह्यांनी मला सगळं सांगितलं, इतकं वाईट वाटलं होतं त्यांना.

मापाड्याने काटा बघितला आणि सवयीने मोठ्याने ओरडला, "एक क्विंटल चार किलो! ओलाव्याचे दोन वजा!"

"ओलावा कुठला? मी कोरडा आहे," हे म्हणाले.

"सवय आहे, नाना."

हे जरा वेळ काट्यावरच बसून राहिले. मग म्हणाले, "आणखी काही वजा होत नाही का?"

"कचरा असला तर होतो. कचरा आहे का तुमच्यात?"

जिनिंगमधले सगळे जण कापूस सोडून हसायला जमले. हे उतरले आणि सरळ घरी आले. "क्विंटलमध्ये मोजला गेलेला आपल्या आगारातला मी पहिलाच ड्रायव्हर," ते म्हणाले. त्यांना रडू येत होतं की हसू, मला कळेना.

मी म्हणाले, "उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ."

धुळ्याचे ते डॉक्टर उंच, हाडकुळे होते. बोलणं मऊ, पण नजर मास्तरासारखी. त्यांनी ह्यांना खुर्चीवर बसवलं, पोटाकडे एकदा बघितलं आणि वजनकाट्याकडे न्यायचा त्रासही घेतला नाही.

"पथ्य पाळलं नाही तुम्ही."

"आईची शपथ, डॉक्टर. तुम्ही सांगितलं तेवढंच खातो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, बाई. काय काय देता यांना?"

मी सगळं सांगितलं. शेवभाजी, भजी, बट्टी, शिरा, भरीत, केळी. डॉक्टर बोटांवर मोजत होते. बोटं संपली तेव्हा त्यांनी हात खाली ठेवला. "आणि डबा," मी म्हणाले. "मोठा डबा आणला होता. संपला. काल दुसरा फोडला."

"कसला डबा?"

"वनस्पतीचा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, मी वनस्पती खा म्हणालो होतो. वनस्पती!"

"हो, तेच आणलं."

"अहो, वनस्पती म्हणजे वनस्पती!"

"तेच तर, डॉक्टर. वनस्पती."

डॉक्टर आणि मी एकमेकांना हाच एक शब्द बराच वेळ सांगत होतो. कम्पाउंडर आत येऊन बघून गेला. शेवटी डॉक्टर उठले, ह्यांना दंडाला धरून खिडकीपाशी घेऊन गेले आणि बाहेर बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"लिंब," हे म्हणाले. दवाखान्यासमोर कडुलिंबाचं मोठं झाड होतं.

"ती वनस्पती."

ह्यांचा चेहरा उतरला. "लिंबाचा पाला खायचा, डॉक्टर?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग त्यांनी मला समोर बसवून, लहान मुलीला पाढे शिकवावेत तसं सांगितलं. पालेभाजी. मुळा, गाजर, काकडी, कच्ची. मुगाचं वरण, वरून काहीही न घालता. भाकरी एक. तळलेलं नाही, गोड नाही, केळं एखादं. तेल चमच्याने मोजायचं, पळीने नाही. डबा घरातून बाहेर. मी मान हलवत गेले. हे खिडकीतून त्या झाडाकडेच बघत होते. आपण थोडक्यात वाचलो, असं त्यांना वाटत असावं.

घरी आल्यावर मी अक्कांना समजावून सांगितलं. त्या डब्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मी पयलेच सांगे." त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. डबा शेजारी शेठाणींच्या स्वयंपाक्याला दिला.

अक्कांचं एक म्हणणं होतं. लेक पाला खातो आणि आई त्याच्यासमोर बसून रस्सा ओरपते, हे त्यांना जमणार नव्हतं. म्हणून घरात सगळ्यांनाच तेच. मेथी, तांदुळजा, अंबाडी, चाकवत. आज मेथी, उद्या अंबाडी, परवा पुन्हा मेथी. आठवडाभराने अक्का ताटाकडे बघून म्हणाल्या, "मन्हा सासरानी म्हैस यापेक्षा चांगलं खाये."

हे तर फार चिडचिडे झाले. रात्री झोपेत 'रस्सा' म्हणत. एकदा तर 'वाढ' म्हणाले आणि हात पुढे केला. पण रस्त्यावरच्या गावांना बातमी पोहोचली आणि लोकांनी आपला मान कायम ठेवला, फक्त वस्तू बदलली. आता गाडी थांबली की कुणी मुळे देई, कुणी गाजरं, कुणी मेथीची जुडी. ह्यांच्या समोरच्या फळीवर बाजार भरायचा. वळणावर मुळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळत. गाडीला मुळ्याचा इतका वास येऊ लागला की आगारात तिला 'भाजीगाडी' म्हणत.

त्याच दिवसांत मी पुन्हा माहेरी निघाले होते. पुढच्याच बाकावर बसले होते. ह्यांच्या डब्याची कापडी पिशवी त्यांच्या मागच्या आडव्या दांडीला लटकवलेली होती. आत मेथीची भाजी, पाल्यासकट दोन मुळे आणि अर्धी भाकरी. अर्धी, कारण उरलेली अर्धी हे निघतानाच खाऊन बसले होते. मधल्या एका गावात गाडी थांबली. हे आणि कंडक्टर काळा चहा प्यायला उतरले. तेवढ्यात एक म्हातारे आबा बकरी घेऊन चढले आणि त्यांनी ती त्याच दांडीला बांधली. मी खिडकीतून एका बाईशी पेरूंचा भाव करत होते. भाव करून वळले तर बकरीच्या तोंडातून मुळ्याचा पाला लोंबत होता. मी ओरडले. बकरीने माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि पिशवीचा बंद चघळायला घेतला.

हे धावत आले. पिशवी उघडून बघितली. आत उघडा डबा तेवढा राहिला होता, तोही चाटलेला.

"आबा, तुमच्या बकरीने माझं जेवण खाल्लं!"

आबा उठले, त्यांनी पिशवीत डोकावलं. "काय व्हतं त्यामा?"

"मेथी. मुळे. भाकरी."

आबांनी विचार केला. "मंग तुन्हं जेवन कोठे? हाई तर मन्ही बकरीनं जेवन शे."

गाडी हसायला लागली. ह्यांना हसू येईना. सकाळपासून पोटात अर्धी भाकरी होती. ते बकरीकडे बघत राहिले. बकरी चांगली भरलेली होती, मागचे पाय गुबगुबीत. "म्हणजे हिने माझं जेवण खायचं," हे म्हणाले, "आणि मी हिला खायचं नाही. हा कुठला न्याय?"

आबा चमकले. त्यांनी बकरीला दांडीपासून सोडवलं, जवळ ओढलं आणि तिच्या गळ्यात हात टाकून बसले. कंडक्टर मध्ये पडला आणि त्याने आबांच्या हातात बकरीचं तिकीट दिलं. "नाना, बकरीचं लगेजचं तिकीट फाडलंय. आता ती आपली उतारू आहे."

धुळ्यापर्यंत आबांनी बकरीच्या गळ्यातला हात काढला नाही. बकरी ओरडली की हे आरशात बघत. ह्यांनी आरशात बघितलं की आबा बकरीचं तोंड दाबत. मी ह्यांना दोन पेरू दिले. एक त्यांनी खाल्ला. दुसरा धुळ्याला उतरताना आबांना दिला आणि म्हणाले, "बकरीसाठी." त्यांचा राग फार टिकत नसे.

हळूहळू ह्यांचं अंग उतरलं. आधी गाल गेले, मग मान दिसू लागली, जी मी लग्नापासून बघितलीच नव्हती. खाकी पँट कमरेवर राहीना, मी ती आतून मुरड घालून शिवली. मला आनंद झाला. पण गावाला झाला नाही. नळावर बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करू लागल्या. कुणी म्हणे ह्यांना मोठं दुखणं झालंय. कुणी म्हणे सून पोटभर घालत नाही, सगळं माहेरी पाठवते. एका गावात एका म्हातारीने खिडकीतून ह्यांच्या हातात बेसनाचा लाडू कोंबला आणि कुजबुजली, "खाय रे भाऊ. घरमा सांगू नको." ह्यांनी तो घरी आणून मला दाखवला. आधी वास घेतला होता, हे त्यांनी कबूल केलं.

मला रडू आलं. अक्का तेव्हा ओसरीत भाजी निवडत होत्या. मला वाटायचं, त्याही मनातून मलाच दोष देत असतील, त्यांची भजी आणि पुऱ्या गेल्या त्या माझ्या डॉक्टरकडे जाण्यानेच. त्यांनी भाजी बाजूला सारली, उठल्या आणि घागर न घेताच नळावर गेल्या. भिंतीला हात न लावता गेल्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी दारातून ऐकत होते.

"कोन म्हनस रे, मन्ही सून पोऱ्याले खावाले देत नही?" अक्कांचा आवाज बाजारपेठेपर्यंत गेला असेल. "टोपलंभर देस ती! बठ्ठा पाला देस! आनि माले बी देस! मी काही बोलस का?"

त्यानंतर नळावर मला पहिला नंबर मिळू लागला.

तीन महिने भरले. त्या दिवशी ह्यांना धुळ्याचीच फेरी होती. अक्का म्हणाल्या, मीही येते. गाडीपाशी आम्ही नेहमीसारखे तयार राहिलो, दोघं वर, एक खाली. अक्कांनी दांडी धरली, एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि आत जाऊन बसल्या. वरच्या दोघांचे हात तसेच पुढे राहिले. "उभा काय ऱ्हायनात? चला," अक्का म्हणाल्या.

दवाखान्यात वजन केलं. ते उतरलं होतं. पण डॉक्टर शब्दाचे पक्के. ते म्हणाले, "खुर्चीवर नाही. चाकामागे बघायचं." आणि कोट घालून आमच्याबरोबर स्टँडवर आले. हे आपल्या जागेवर बसले. डॉक्टर दारातून चढले, वाकले आणि ह्यांचं पोट आणि चाक यांच्यामध्ये हात घालू लागले. गाडी उतारूंनी भरलेली होती. कुणाला काय चाललंय ते कळेना.

"काय पडलं डॉक्टरांचं?" मागून एकाने विचारलं.

"अंगठी पडली वाटतं," दुसरा म्हणाला.

"नाना, जरा उठा ना, सापडेल!"

"उठायचं नाही!" डॉक्टर ओरडले. हात गेला. मनगटापर्यंत गेला. घड्याळाशी जरा अडला. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. हे श्वास आत घेणार तोच डॉक्टर म्हणाले, "श्वास सोडा. फसवायचं नाही." ह्यांनी श्वास सोडला. डॉक्टरांनी हात तिरका केला आणि घड्याळासकट तो पलीकडे निघाला.

"लायक!" डॉक्टर म्हणाले.

रोजच्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या, अंगठी सापडली असं समजून.

घरी येताना हे गाडीत गाणं गुणगुणत होते. घरात शिरल्या शिरल्या म्हणाले, "माय, आता मटण होऊन जाऊ दे. काळ्या मसाल्याचं."

अक्का पाटावर बसल्या होत्या. पाय पुढे पसरले, गुडघे एकदा वाकवले, एकदा सरळ केले. "नही," त्या म्हणाल्या.

"का?"

"मन्हा गुडघा बरा शे. या घरमा आते मटन नही."

आम्ही दोघांनी समजावलं. डॉक्टरांनी इतकं कडक आता सांगितलेलं नाही, कधीतरी चालेल, असं सांगून पाहिलं. अक्का हलल्या नाहीत. ज्यांना आम्ही पथ्याला बसवलंही नव्हतं, त्याच पथ्याच्या मालकीण झाल्या. ड्रायव्हरच्या घरच्यांना मिळतो तो पास काढून त्या नातेवाइकांकडे जाऊ लागल्या. पारोळा, चोपडा, भडगाव. भडगावला त्यांच्या भावाने बहिणीसाठी कोंबडा कापला तर त्यांनी ताट सरकवून मुळा मागितला, आणि जेवण होईपर्यंत सगळ्या घराला डॉक्टरांची गोष्ट सांगितली. भावाने नंतर ह्यांना निरोप पाठवला की अक्कांना पुन्हा पाठवायचं असेल तर आधी कळवा.

ह्यांचं वजन पुढे कधी वर गेलं, कधी खाली आलं, पण चाकाला पोट पुन्हा कधी टेकलं नाही. मटणही अगदी सुटलं नाही. सुट्टीच्या दिवशी कधीतरी कंडक्टर, त्याची बायको आणि आम्ही दोघं गावाबाहेरच्या एका मळ्यात जायचो, भरीत करायला म्हणून. खाली तीन दगड, वर भगोणं, मसाला मी घरून पुडीत बांधून न्यायचे. संध्याकाळी परत आलो की अक्का ओसरीवर बसलेल्या असत.

"काय खादं?" त्या विचारत.

"वांग्याचं भरीत," हे म्हणत.

अक्का जवळ येऊन ह्यांच्या शर्टाचा वास घेत, मग माझ्या पदराचा.

"वांगामा हाड लागनं नही ना?" मग त्या विचारत, आणि हात धुवायला पाणी पुढे करत.